दर शुक्रवारी बंद

दर शुक्रवारी दुपारी बाह्यरुग्ण विभाग रिकामा झाला, की काका सर्व्हरच्या खोलीत जात आणि व्यवस्थित चाललेला सर्व्हर बंद करत. त्यात बिघाड नसे. कुणी तक्रार केलेली नसे. पंख्याचा आवाज पूर्ण थांबेपर्यंत ते उभे राहत, मग बटण दाबत आणि मागे सरत. पुढचं सगळं मशीनने एकट्याने करायचं असे. तेवढ्या वेळात सवयीने कुणाचा हात जाईल म्हणून कीबोर्ड उचलून कपाटावर ठेवलेला असे, आणि स्वतःचे हात त्यांनी पाठीमागे बांधलेले असत.

रुग्णालय कर्जतहून खालापूरकडे जाताना हायवेच्या अलीकडे होतं. एका ट्रस्टचं, लहान. वर्तमानपत्राच्या डेस्कवर बरीच वर्षं काढून मी तिथे प्रशासनाचं काम पाहायला आलो होतो. आमच्याकडे सीटी स्कॅनचं यंत्र होतं, पण स्कॅन वाचणारा तज्ज्ञ नव्हता. तो पुण्यात बसे. हायवेवर डोकं आपटलेला माणूस आला, की त्याच्या मेंदूत रक्तस्राव आहे की नाही, हे पुण्याहून कळणार. आणि स्कॅनच्या प्रतिमा पुण्याला जाणार त्या याच एका सर्व्हरमधून. सर्व्हर बंद असला तर स्कॅन काढता येई, पाठवता येत नसे. तेवढा वेळ दर्शना, आमची सीटीची तंत्रज्ञ, दारात उभी राहून रस्त्याकडे पाहत असे. अपघात विभागातली नर्स फोनजवळ सरके. मी माझ्या खोलीत बसून एकही कागद पुढे सरकवत नसे.

सगळे त्यांना काका म्हणत. ते रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले होते. घर भिसेगावात, भाताची थोडी जमीन पळसदरीला. नोकरीच्या उत्तरार्धात सिग्नलच्या खोल्यांमध्ये संगणक आले, आणि बरोबरीचे लोक निवृत्तीच्या तारखा मोजत असताना हे पुस्तकं आणून लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली शिकले. आमच्या रुग्णालयाने सर्व्हरवर लिनक्स घेतलं ते फुकट मिळतं म्हणून. काकांना हे कारण अपमानास्पद वाटे. ते म्हणत, फुकट हाय म्हणून नाय, उघडं हाय म्हणून. झाकण काढून आत बघता येतं.

सिग्नलबद्दल त्यांचं एक वाक्य होतं आणि ते कशालाही लागू करत. सिग्नल बिघडला तर लाल व्हायला पायजे. बिघडून हिरवा ऱ्हायला, तर तो बिघाड नाय, तो घात. त्यांच्या मते जगातल्या बहुतेक वस्तू बिघडून हिरव्या राहिलेल्या होत्या आणि लोक त्यांच्याकडे बघून पुढे चालले होते.

“चालतंय” हा शब्द त्यांना सहन होत नसे. “सर्व्हर चालतोय ना, काका?” असं कुणी वाटेत सहज विचारलं, तर ते थांबत. “आता चालतोय. बंद करून उठला तर चालतोय म्हणीन.” विचारणारा तोवर पुढे गेलेला असे.

“बहुतेक” हा दुसरा शब्द. डेस्कवर आमचे मुख्य उपसंपादक बातमीतलं “बहुतेक” लाल पेनने कापत. काका तोंडचं कापत. लाइट गेली, केबल निघाली असेल बहुतेक, असं कुणी फोनवर सांगितलं, की पलीकडून फक्त “बगून सांग” एवढं ऐकू येई आणि फोन कटलेला असे.

फोनवरची त्यांची पद्धत तर रुग्णालयात थट्टेचा विषय होती. रेल्वेत दोन स्टेशन मास्तर एकमेकांना फोनवर हुकूम देतात, तेव्हा ऐकणाऱ्याने तो शब्दशः उलट म्हणून दाखवायचा असतो आणि शेवटी दोघांनी एकमेकांना एक आकडा द्यायचा असतो. प्रत्येकाकडे अशा आकड्यांचा छापील तक्ता असतो. वापरलेला आकडा खोडायचा. काकांनी ही रीत रुग्णालयात आणली. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आकडे लिहून एकेक कागद सर्व्हरच्या खोलीत, सीटीत आणि माझ्या टेबलाच्या काचेखाली लावला. सर्व्हर बंद करायचा तर ते इंटरकॉमवर विचारणार, सीटी रिकामी आहे का. दर्शनाने नुसतं “हो” म्हणून चालत नसे. “सीटी रिकामी आहे, पेशंट नाही, बंद करायला हरकत नाही, नंबर सेहेचाळीस.” मग काका तेच परत म्हणणार. चालू झाल्यावर ती एक जुनी चाचणीची प्रतिमा पुण्याला पाठवणार, तिथून पोच आली की पुन्हा नंबर देणार. तो नंबर आल्याशिवाय सर्व्हर उठला असं काका मानत नसत.

मी त्यांना विचारलं होतं, की हो म्हटल्यावर आकडा कशाला. ते म्हणाले, “हो म्हणाया काय लागतं, सायेब? माणूस झोपेत पण हो म्हणतो. नंबर द्यायचा तर त्याला थांबून कागद बगाया लागतो.”

त्यांच्या घरी मी एकदाच जेवलो. वालाचं बिरडं होतं. पहिला घास घेतला आणि घरातले सगळे दिवे गेले. काकूंनी वाढण्याचा हात थांबवलासुद्धा नाही. काका उठून मेन स्विच पाडून आले होते. पाहुणे आल्यावर सगळं घर जागं असतं, तेव्हा इन्व्हर्टर पेलतो का, हे त्यांना बघायचं होतं. इन्व्हर्टरने पेललं नाही. अंधारात काकूंचा आवाज आला, मला उद्देशून.

“यांना सुखानं चाललेलं बगवत नाय. लगीन झालं तवापासून. मी तेवढी अजून बंद करून बगितली नाय.”

“तू कुठं बंद होतेस,” काका म्हणाले.

अंधारात हसू आलं ते तिघांनाही. मग त्यांनी स्विच वर केला आणि शांतपणे जेवले. दुसऱ्या दिवशी इन्व्हर्टरची बॅटरी बदलली.

या माणसाच्या सहवासात हसू कमी येई. जास्त येई ती धाकधूक. ते समोरची वस्तू बघत तेव्हा ती कशी दिसते हे बघत नसत, ती कुठून मोडेल हे बघत. काही महिन्यांनी मलाही तसं दिसायला लागलं. लिफ्टमध्ये, पुलावर, जिन्यात. त्यातून बाहेर यायला मला बराच काळ लागला आणि पूर्ण आलो असं म्हणता येणार नाही.

एका शुक्रवारी जे व्हायचं ते झालं. सर्व्हर बंद करून चालू केला आणि तो उठताना आपल्याच डिस्कची तपासणी करत बसला. लिनक्समध्ये हे अधूनमधून होतं, आणि मध्ये थांबवणं धोक्याचं असतं. नेमक्या त्या वेळी मोटरसायकलवरून पडलेला एक जण आला. स्कॅन निघाला, गेला नाही. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी वाट न पाहता त्याला पनवेलला पाठवलं. त्याला मोठं काही झालेलं नव्हतं, हे संध्याकाळी कळलं. पण ट्रस्टच्या मॅनेजर साहेबांनी सोमवारी काकांना आणि मला बोलावलं.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. तो देणगीदारांना घेऊन हिंडणारा, रुग्णालय उभं ठेवणारा माणूस होता. त्याने काकांना विचारलं, चालू मशीन बंद करण्यात कोणतं शास्त्र आहे. काकांनी सांगितलं. मी ते इथे त्यांच्याच शब्दांत देतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

“मशीनला दोन परकारे सांगता येतं. एक तोंडी. तोंडी सांगितलं की लगेच ऐकतं, पण झोपून उठलं की इसरतं. दुसरं फायलीत लिवून. ते उठल्यावर वाचतं. आता घाईत आपून तोंडी सांगतो आन लिवायचं ऱ्हातं. मशीन तर चालतंय, मंग कळणार कसं? बंद केल्याबिगर कळत नाय.”

“मग लिहून ठेवत जा ना,” मॅनेजर म्हणाला.

“लिवतोच. शुक्रवार हाय म्हणून लिवायचं ऱ्हायलेलं कळतं तरी.”

शुक्रवार बंद झाला. मशीन बंद करायचं नाही, असा आदेश निघाला. सर्व्हरच्या पडद्यावर एक आज्ञा दिली की तो किती दिवस अखंड चालू आहे हे दिसतं; मॅनेजरने ती शिकून घेतली आणि पाहुण्यांना दाखवू लागला. एकदाही बंद नाही. पाहुणे माना डोलवत. काका कोपऱ्यात उभे असत, आणि आकडा जितका मोठा होई तितके ते बारीक दिसत.

त्या पावसाळ्यात, ऐन लावणीच्या दिवसांत, वीज कोसळून आमचा राउटर जळाला. राउटर म्हणजे रुग्णालयातली यंत्रं आणि बाहेरची लाइन यांच्यामधला दारवान. नवा येईपर्यंत पुण्याला काहीच जाणार नव्हतं. काका पळसदरीला शेतावर होते आणि ओढ्याचं पाणी रस्त्यावरून वाहत होतं. ते येऊ शकत नव्हते. त्यांनी फोनवर दर्शनाला सर्व्हरपुढे बसवलं. सर्व्हरला नेटवर्कची दोन कार्डं होती. एक दार रुग्णालयाकडे, एक बाहेर. दारवानाचं काम तात्पुरतं सर्व्हरकडूनच करून घ्यायचं ठरलं.

मी शेजारी होतो. फोन स्पीकरवर होता. पलीकडे पावसाचा आवाज, बायांचं बोलणं, कुणीतरी “रोपांच्या मुठी हिकडं टाक रं” म्हणून ओरडत होतं, आणि मध्येच काकांचा सपाट आवाज. ते एकेक अक्षर सांगत होते, दर्शना टाइप करत होती आणि टाइप करून झालेलं उलट म्हणून दाखवत होती. एंटर लगेच दाबायचं नाही, आधी म्हणून दाखवायचं. एका ओळीवर ती घाईत पुढे गेली.

“थांब गं. काय लिवलंस?”

“शून्य होतं तिथे एक.”

“परत म्हण.”

“शून्य नाही, एक. काका, स्कॅन थांबलाय.”

“थांबू दे. परत म्हण.”

तिने तिसऱ्यांदा म्हटलं, डोळे फिरवून माझ्याकडे पाहिलं आणि मग आकडा दिला. प्रतिमा गेल्या. नंतर कितीतरी दिवस कॅन्टीनमध्ये चहा सांगताना कुणीतरी म्हणे, शून्य नाही, एक, परत म्हण.

पाणी उतरल्यावर काका आले आणि सर्व्हरपुढे बसून दर्शनाला जे तोंडी सांगितलं होतं ते फायलींत लिहिलं. लिहून झाल्यावर म्हणाले, एकदा बंद करून बगू? मी मॅनेजरला विचारलं. तो नाही म्हणाला. नवा राउटर घ्यायचाही राहून गेला, कारण सर्व्हर ते काम करत होता. चालत होतं.

त्यानंतर त्यांच्यात जो फरक पडला, तो मला आधी म्हातारपणाचा वाटला. ते दिवसातून अनेकदा सर्व्हरच्या खोलीत जाऊन येत. काही करत नसत. फायली उघडून वाचत, चालू मशीनला विचारून उत्तरं पडताळत, आणि फायली मिटून ठेवत. सगळं जुळत होतं. जुळल्याने त्यांचं समाधान होत नव्हतं. बाहेर जनरेटर सुरू होताना दिवे क्षणभर मिचकत, तेव्हा जेवणाचा घास हातात धरून ते कान देऊन बसत. पंखा चालू आहे ऐकलं की घास तोंडात.

“आधी शुक्रवार माझ्यासाठी ध्यान ठेवायचा,” ते एकदा म्हणाले. “म्या कशाला ठेवू? आता त्याच्या पोटात काय काय तोंडी हाय, मला ठाव नाय.”

मी म्हणालो, तुम्ही सगळं तपासलं आहे. ते म्हणाले, “जे ध्यानात हाय ते तपासलंय.”

हिवाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं. आमच्याच रुग्णालयात ईसीजी निघाला. बायपास करायचं ठरलं, पुण्याला, मुलाकडे राहून. हे सांगताना ते घाबरलेले नव्हते, उत्सुक होते. ऑपरेशनमध्ये काळीज थांबवतात आणि नंतर परत चालू करतात, हे त्यांना कळलं होतं.

“मी डाक्टरला इचारलं, अगोदर एकदा करून बगता का? हसाय लागला.”

ऑपरेशन नीट झालं आणि ते पुण्यालाच राहिले, हे इथेच सांगून ठेवतो. पण तेव्हा ते कुणालाच माहीत नव्हतं. त्यांना एकच लागून राहिलं होतं. जाण्याआधी एक शुक्रवार हवा होता. मॅनेजर म्हणाला, परत आल्यावर बघू. काकांनी माझ्या टेबलापाशी येऊन, आवाज न चढवता विचारलं, “मी परत येणार हे त्यांना कुणी सांगितलं?”

मग म्हणाले, “कवातरी बंद पडणारच हाय, सायेब. पडायचंच असंल तर मी समोर असताना पडू दे. मी नसताना पडलं तर तुमी कुणाला इचारणार?”

त्यांच्यानंतर ते मशीन ओळखणारा माणूस रुग्णालयात नव्हता. नवा नेमायचं बोलणं चालू होतं, म्हणजे होत नव्हतं.

ते निघायच्या दिवशी, शुक्रवारीच, मॅनेजर अलिबागला सरकारी कामासाठी गेलेला होता. काका दुपारी आले. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पिशवी, हातात काकूंनी दिलेला डबा. मुलगा संध्याकाळी पुण्याहून भिसेगावला घरी न्यायला येणार होता. माझ्या टेबलाच्या काचेखालच्या कागदाकडे त्यांनी फक्त बोट केलं.

मी रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षाला फोन करून डोक्याला मार लागलेले रुग्ण थोडा वेळ पनवेलला पाठवायला सांगितलं. सीटी रिकामी होती. अपघात विभाग रिकामा होता. मी नंबर दिला, एकोणसाठ. त्यांनी तो उलट म्हटला, डबा सर्व्हरच्या खोलीतल्या स्टुलावर ठेवला आणि सर्व्हर बंद केला.

पंखा थांबला. तो आवाज इतके महिने अखंड होता, की थांबल्यावर खोली मोठी झाल्यासारखी वाटली. त्यांनी बटण दाबलं, कीबोर्ड कपाटावर ठेवला, हात मागे बांधले. ओळी वर सरकत गेल्या. सर्व्हर उठला. त्यांनी कीबोर्ड खाली घेऊन विचारपूस केली. स्वतःचा पत्ता बरोबर. रुग्णालयाकडच्या दारातून उत्तर येत होतं. बाहेरच्या दारातूनही येत होतं. त्यांचे खांदे थोडे सैल झालेले मी पाहिले.

इंटरकॉम वाजला. नंबर द्यायला नव्हता.

“काका, इथून जात नाही,” दर्शना म्हणाली.

सगळं बरोबर होतं आणि काहीच पुढे जात नव्हतं. त्यांनी पत्ते पुन्हा पाहिले. केबली काढून लावल्या. लाइन देणाऱ्याला फोन केला. त्याच्याकडे दोष नव्हता. मी म्हणालो, पुन्हा बंद करून बघायचं का? त्यांनी मान हलवली. कारण कळल्याशिवाय नाही.

तेवढ्यात आवारात एक पिकअप शिरला. कुंभिवली गावचा. ट्रकवर ताडपत्री बांधताना वरून पडलेला एक जण मागे गोणपाटावर झोपवलेला होता, आजूबाजूचे लोक उचलून घेऊन आले होते. रुग्णवाहिकांना मी सांगून ठेवलं होतं. पिकअपला कोण सांगणार? माणूस वाटेत बोलत होता, आता झोपेला येत होता. दर्शना कुंभिवलीचीच, तो तिच्या आळीतला निघाला. तिने त्याला नावाने हाक मारली आणि स्कॅन काढला. ड्यूटीच्या डॉक्टरांनी पडद्याचे फोटो मोबाइलवरून पुण्याला पाठवले. तिथल्या तज्ज्ञाचं उत्तर आलं, फोटोवरून मी काही सांगणार नाही, मूळ प्रतिमा पाठवा. मेंदूची शस्त्रक्रिया करणारे पनवेलला होते. आत रक्त साठत असेल तर त्यांना आधी कळवून तयार ठेवायला हवं होतं, नसेल तर त्याला इतका हलवायला नको होतं. रुग्णवाहिका दारात इंजीन चालू ठेवून उभी राहिली. डॉक्टर सर्व्हरच्या खोलीच्या दारात आले आणि परत गेले.

काकांच्या कपाळावरून घाम निथळत होता. ते त्याच चार ठिकाणी पुन्हा पुन्हा पाहत होते. महिनोन्महिने ज्या ठिकाणी पाहिलं, तिथेच. त्यांचा डावा हात मधूनच शर्टाच्या खिशाकडे जात होता, गोळीच्या पुडीवर टेकून परत येत होता. मी पडद्याकडे पाहावं की त्यांच्याकडे, मला कळत नव्हतं. परवानगी मी दिलेली होती.

दर्शना आत आली. ती पळत आली नव्हती.

“काका, लावणीच्या वेळी तुम्ही फोनवरून मला टाइप करायला लावलं होतंत. ते सगळं फायलीत लिहिलंत?”

“सगळं लिवलं.”

“तो एक पण?”

ते तिच्याकडे बघत राहिले.

“शून्य होतं तिथे एक,” ती म्हणाली. “शून्य नाही, एक. तीनदा म्हणून घेतलं होतंत.”

त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा बोटं कीबोर्डवर होती. ती परवानगीची ओळ होती. दारवानाला दोन्ही दारं माहीत होती, दोन्हीकडची माणसं माहीत होती. पण या दारातून आलेलं त्या दाराने जाऊ द्यायचं, हे त्याला फक्त तोंडी सांगितलेलं होतं आणि उठल्यावर तो ते विसरला होता. काकांनी शून्याच्या जागी एक टाइप केला, एंटरवर बोट ठेवलं आणि थांबले.

“परत म्हण गं.”

“शून्य नाही, एक.”

प्रतिमा गेल्या. पुण्याहून फोन आला: रक्तस्राव आहे, वाढतोय, लगेच हलवा. पनवेलला शस्त्रक्रियेची तयारी सुरू झाल्याचं कळेपर्यंत आमची रुग्णवाहिका फाटकाबाहेर पडलेली होती. तो माणूस जगला. ताडपत्री बांधायला मात्र परत गेला नाही. आता हायवेवर चहाच्या टपरीवर बसतो.

खोलीत आम्ही तिघे उरलो. काकांनी ती ओळ फायलीत लिहिली, चष्मा पुसून पुन्हा वाचली.

“माझंच तोंडी ऱ्हायलं व्हतं,” ते म्हणाले. तेवढंच.

मला वाटलं, आता ते डबा उचलतील. त्यांनी खिशातली गोळी काढून जिभेखाली ठेवली, थोडा वेळ बसले आणि म्हणाले, “आता परत बंद करायचं.”

दर्शनाने माझ्याकडे पाहिलं. “चालतंय की आता, काका,” मी म्हणालो. हे वाक्य मी त्यांच्यापुढे तेवढं एकदाच उच्चारलं.

“तोंडी चालतंय का लिवल्यावर चालतंय?”

मी अपघात विभागात जाऊन आलो. रिकामा होता. फाटकापर्यंत गेलो, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, एखादा पिकअप वळतोय का. मग येऊन काचेखालचा कागद पाहिला आणि नंबर दिला. त्यांनी तो उलट म्हटला. पण बटणाला हात लावला नाही.

“तुमी करा. मी हितं नाय असं समजा.”

त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि बाहेर गेले. खिडकीतून दिसत होते. जनरेटरच्या शेडपाशी, इमारतीकडे पाठ करून, हात मागे बांधून उभे. मी सर्व्हर बंद केला. पंखा थांबला. मी बटण दाबलं, कीबोर्ड कपाटावर ठेवला आणि मागे सरलो. ओळी सरकू लागल्या. आता काही झालं तर विचारायला माणूस पन्नास पावलांवर होता आणि तो वळून बघणार नव्हता.

दर्शना सीटीत गेली होती. तिने चाचणीची प्रतिमा पाठवली. पुण्याहून पोच येईपर्यंत मी खिडकीतून त्यांच्या पाठीकडे पाहत होतो. मग ती सर्व्हरच्या खोलीच्या दारात आली आणि मोबाइल स्पीकरवर ठेवून काकांना फोन केला. शेडपाशी त्यांनी फोन कानाला लावलेला दिसला.

“काका, गेलं. आपलं आपण उठलं.”

ते काहीच बोलले नाहीत. तिच्या ध्यानात आलं.

“सीटीतून प्रतिमा गेली, पोच आली, नंबर त्र्याहत्तर.”

त्यांनी ते शब्दशः उलट म्हटलं. बोलताना ते वळले नाहीत. रस्त्याने कर्जतकडे प्रवासी नेणारी एक इको व्हॅन येत होती. त्यांनी हात केला.

“काका, तुमचा डबा राहिलाय स्टुलावर,” दर्शना म्हणाली.

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “आता मला आत यायचं काय कामच नाय.”